किणीकरांचं जेवण

बाप मेल्यावर माणसानं किती भात खावा, याचा कायदा कुठंच लिहिलेला नाही. लिहिलेला असता तर बंगळूरच्या चिकपेटेतले कापडवाले श्रीधरराव यांचं निम्मं आयुष्य सुखात गेलं असतं.

त्यांचे वडील, म्हणजे दादा, गेले त्या दिवसाची गोष्ट. स्मशानातून मंडळी परत आली. आपल्यात त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. शेजारचे पिठलं-भात आणून देतात, त्याला कडू घास म्हणतात. घरच्यांनी तो ‘नको, नको’ म्हणत, कुणीतरी दंडाला धरून बसवल्यावर, दोन घासांपुरता गिळायचा असतो. सकाळपासून उपाशी असलेले चुलते-मावसे पातेल्यावर डोळा ठेवून असतात आणि तोंडानं ‘कसा उतरेल घास’ म्हणत असतात. हे ढोंग सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळ्यांना हवं असतं. श्रीधरराव मात्र एक शब्द न बोलता पाटावर बसले. शांतपणे भात कालवला. जेवले. परत भात मागितला. वर ताक प्याले आणि ढेकर दिली.

थोरली बहीण सावित्रीअक्का दाराला टेकून हे बघत होती. त्या दिवसापासून तिनं धाकट्या भावाच्या घरचं अन्नपाणी सोडलं, एवढंच.

येणं सोडलं नाही, हे लक्षात घ्या. येणं सोडलं असतं तर बरं झालं असतं. गौरीला, दिवाळीला, सत्यनारायणाला अक्का बसवनगुडीहून रिक्षानं येई, येताना फिरकीच्या तांब्यात स्वतःचं पाणी आणी. मधोमध बसून सगळ्यांची विचारपूस करी, पडद्यांना किती धूळ बसलीय ते सांगे आणि भर दुपारी उपाशी परत जाई. एवढ्या वर्षांत त्या घरातला वेलदोडासुद्धा तिनं तोंडात टाकला नव्हता.

“अक्का, स्वल्प तरी घे,” श्रीधरराव दर वेळी म्हणत.

“माझं पोट तुला बघूनच भरतं,” अक्का दर वेळी म्हणे.

त्यात आता मेघाश्रीचं लग्न ठरलं. श्रीधररावांची एकुलती एक मुलगी, धारवाडची सोयरीक. मुलीची सख्खी आत्या मांडवात मिरवणार आणि ऐन पंगतीला उठून कोपऱ्यात जाऊन तांब्यातलं पाणी पिणार. मग व्याही मंडळी एकमेकांना कोपरानं ढोसणार की या घरात काहीतरी आहे हं. आणि असलं ‘काहीतरी’ एकदा मुलीबरोबर सासरी गेलं की तिथंच राहतं, पुढं तिच्या प्रत्येक चुकीला तेच कारण म्हणून लावतात. श्रीधरराव त्या धास्तीनं अक्काच्या पायांशी जाऊन बसले.

“लग्नात तरी जेव.”

“मी आशीर्वाद द्यायला येईन,” अक्का म्हणाली. “त्याला जेवावं लागत नाही.”

आता प्रश्न असा, की त्या दिवशी श्रीधरराव का जेवले? तर भार्गव किणीकर या नटामुळं.

नवं लग्न झालेलं असताना श्रीधरराव बायकोबरोबर निपाणीकडे तिच्या माहेरी जत्रेला गेले होते. तिथं तंबूत ‘थोरली पाती’ नावाचा चित्रपट लागला होता. त्यात किणीकर घराचा कर्ता झाला होता. गरिबीपायी तो बैल बाजारात विकतो आणि बैलासाठी धाय मोकलून रडतो, मातीत लोळतो, कपाळ आपटून घेतो. पुढं एके दिवशी गडी धावत येतो आणि सांगतो, मालक, धाकला विहिरीत पडला, गेला. किणीकरच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. तो पाटावर बसतो. भाकरी मोडतो. पिठल्याला लावून सावकाश खातो. ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू. आणि मग तो मेलेला मुलगाच, हे सांगताना श्रीधररावांच्या अंगावर दर वेळी काटा येई, तो मुलगाच तांब्या घेऊन येतो आणि बापाला पाणी देतो. बाप ते पितो आणि ढेकर देतो.

“ती ढेकर नव्हे,” श्रीधरराव दुकानात गिऱ्हाइकांना सांगत. ब्लाउजपीस बघायला आलेल्या बायकांची सुटका नसे. “तो गिळलेला हुंदका आहे. बैलासाठी कोणीही रडेल हो. पोरासाठी जो जेवतो तो खरा नट!”

दादा गेले तेव्हा श्रीधररावांनी तेच केलं. आणि ते कुणालाच कळलं नाही, कारण ‘थोरली पाती’ बंगळूरला आलाच नव्हता. तो कोल्हापुराकडे थोडे दिवस चालला आणि गडप झाला. श्रीधररावांनी अक्काला अनेकदा तो प्रसंग सांगून पाहिला होता. ती म्हणे, “असा कुठं सिनेमा असतो? तू रचलायस.”

मेघाश्रीचं लग्न ठरलं त्या वर्षी मराठी मंडळानं एक खूळ काढलं. मंडळात तेव्हा दोन जाती तयार झाल्या होत्या. एक श्रीधररावांसारखे, आजोबा-पणजोबांपासून बंगळूरला रुजलेले, घरात मराठी आणि दारात कानडी बोलणारे. दुसरे कॉम्प्युटर कंपन्यांत नुकतेच आलेले पुण्या-मुंबईचे. यांना शहरात आल्या आल्या संस्कृती वाचवायची घाई झालेली असते. ती आधी इथं कोणी राखली होती का, हे विचारायला मात्र सवड नसते. या दुसऱ्या जातीचा पुढारी शंतनु, इंदिरानगरला राहणारा, मंडळाचा नवा चिटणीस. त्यानं जाहीर केलं की दिवाळीला ‘पडद्यावरचा सर्वश्रेष्ठ पुरुष-अभिनय’ यावर मतदान घ्यायचं.

श्रीधररावांना पहिल्यापासूनच वास आला. सर्वश्रेष्ठ कोण ते या पोरांनी आधीच ठरवलेलं असणार, आपल्याला फक्त टाळ्यांना बोलावलंय. सभेत तसंच झालं. शंतनुनं एका अमेरिकन नटाचं नाव पुढं केलं.

“काका, ॲक्चुअली या माणसानं रोलसाठी तीस किलो वजन वाढवलं. इमॅजिन करा!”

“वजन वाढवणं हा अभिनय असेल,” श्रीधरराव म्हणाले, “तर चिकपेटेत प्रत्येक दुकानात एक महान नट गल्ल्यावर बसलाय.”

मग त्यांनी किणीकरांचं जेवण सांगितलं. सगळं, ढेकरेसकट. शंतनुनं मान तिरकी केली.

“मेलेला मुलगा पाणी देतो? त्या काळच्या मराठी पिक्चरमध्ये? काका, डोन्ट माइंड, पण हे तुम्हाला स्वप्नात तर नाही ना दिसलं?”

लोक हसले. अक्काही होती सभेला. ती हसली नाही. तिनं फक्त तांब्याची फिरकी उघडली, घोटभर पाणी प्याली आणि श्रीधररावांकडे असं पाहिलं, की ते उभ्या उभ्या बोलून गेले, “मी दाखवतो! फिल्मची पेटी मागवतो! थेटर घेतो!”

रागाच्या भरात माणूस फार तर एखादी शिवी देतो. यांनी थेटर दिलं.

पेटी मुंबईत एका वितरकाच्या गोदामात निघाली. तिथल्या माणसानं फोनवर तीनतीनदा विचारलं, “नक्की हीच पाहिजे? का?” सुखासुखी ही फिल्म कोण मागतो, याचाच त्याला संशय आला होता. पेटी रेल्वेनं निघाली. शेजारचे गुंडोपंत हे रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यामुळं पार्सलच्या बाबतीत आपल्याला विचारल्याशिवाय पान हलू नये असं त्यांना वाटे.

“फिल्म म्हणू नका,” गुंडोपंतांनी सल्ला दिला. “फिल्म म्हटलं की ज्वालाग्राही. मग दाखला मागतात. घरगुती सामान म्हणा.”

श्रीधररावांनी पार्सलच्या खिडकीवर घरगुती सामान सांगितलं. कारकुनानं पेटीवरचं ‘थोरली पाती’ हे नाव बोट लावून वाचलं आणि विचारलं, घरात पाती कशाला लागते? नांगर आहे का? शस्त्र आहे का? पेटी उघडा. उघडल्यावर गोल गोल डबे निघाले. आता तर त्याची खात्रीच पटली. गोल डब्यात सरळ माणूस काय ठेवतो? अखेर फिल्म आहे हे कबूल करावं लागलं. तेव्हा तो म्हणाला, “मग आधी खोटं का बोललात?” श्रीधररावांनी मागं वळून पाहिलं. गुंडोपंत खांबाआड उभं राहून आगगाड्यांच्या वेळा वाचत होते.

करमणूक कराच्या कचेरीत दुसरी तऱ्हा. साहेब म्हणाले, शैक्षणिक असेल तर कर माफ. काय शिकवतो हा सिनेमा?

“दुःखात कसं जेवावं ते,” श्रीधरराव म्हणाले.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. आपली थट्टा होतेय की काय हे ते बराच वेळ श्रीधररावांच्या तोंडावर शोधत होते. मग म्हणाले, ही करमणूकच आहे, कर भरा.

पोलीस ठाण्यात परवानगीला गेले तर अधिकाऱ्यानं एकच प्रश्न धरून ठेवला. मराठी सिनेमा इथं का दाखवायचा? त्यात सीमेबद्दल काही आहे का?

“नाही हो. एक माणूस जेवतो.”

“कुठल्या गावात?”

श्रीधररावांना घाम फुटला. गाव कुठलं ते त्यांना आठवेना. चुकून सीमेच्या अलीकडचं निघालं तर? “सेटवर,” ते म्हणाले. अधिकाऱ्यानं थोडा विचार केला आणि खेळाला एक हवालदार बसेल, जेवणाच्या प्रसंगी विशेष लक्ष ठेवेल, या अटीवर सोडलं.

इतक्या दगदगीत श्रीधररावांच्या बायकोनं, श्यामलाबाईंनी, एकदाच तोंड उघडलं होतं. “अहो, पेटी आलीय तर आधी आपण दोघांनीच बघून घेऊ या का?”

“का?” श्रीधररावांनी डोळे बारीक केले. “तुझाही विश्वास नाही?”

“तसं नाही,” श्यामलाबाई म्हणाल्या आणि शेंगा निवडायला लागल्या. त्या अजून काही बोलणार होत्या, हे पुढं कळलं. पण संसारात बाईला दुसरं वाक्य पुरं करू देणारा नवरा मी अजून पाहिलेला नाही.

रविवारी सकाळचा खेळ. मॅटिनीच्या आधी थेटर रिकामं करायचं, ही मॅनेजरची अट. जुनी जात खाली, नवी जात बाल्कनीत, हवालदार मधल्या वाटेत खुर्ची टाकून. अक्काला बाल्कनीत पहिल्या ओळीत बसवलं, तांब्यासकट. श्रीधरराव तिच्या शेजारी बसले, पडद्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत.

चित्रपट सुरू झाला. किणीकर आला. मिशी, फेटा, हातात कासरा. बैल बाजारात विकला. श्रीधरराव अक्काच्या कानाशी पुटपुटले, “आता बघ, कसा रडतो बैलासाठी.”

किणीकर पैसे मोजून घरी आला आणि पाटावर बसला. भाकरी मोडली. पिठल्याला लावून खायला लागला. ओठांच्या कोपऱ्यात हसू. धाकला मुलगा उड्या मारत तांब्या घेऊन आला. “बाबा, बैल किती जणांनी मागितला?” किणीकर पाणी प्याला, पोराच्या पाठीत धपाटा घातला आणि ढेकर दिली. हवालदारानं ठरल्याप्रमाणे विशेष लक्ष दिलं आणि त्याला काही आक्षेपार्ह दिसलं नाही.

श्रीधररावांच्या पायाखालची बाल्कनी सरकली.

“हेच का ते?” अक्कानं विचारलं.

“थांब. हे चुकून आलंय. थांब.”

मग व्हायचं तेच झालं. गडी धावत आला. मालक, धाकला विहिरीत पडला, गेला! आणि सर्वश्रेष्ठ पुरुष-अभिनय करणारा भार्गव किणीकर ‘माझ्या राजाऽऽ’ म्हणून जो लोळला, तो गोठ्यापासून विहिरीपर्यंत लोळत गेला. त्यानं कपाळ आपटलं, छाती बडवली, फेटा सुटला, मिशीचं एक टोक सुटलं आणि ते पुढचा सगळा आक्रोश गालावर फडफडत होतं. बाल्कनीत पहिल्यांदा कुणीतरी खुदकलं. मग सगळी ओळ हसली. शंतनु अंधारातून ओरडला, “काका, जेवण कधी?”

“झालं की मघाशी!” कोणीतरी उत्तर दिलं.

श्रीधरराव उठले. कट. दुसरं काही असूच शकत नाही. वितरकानं तीनदा का विचारलं? कारकुनानं डबे का उघडले? शंतनु काल ‘मी पेटी थेटरवर पोचवतो काका’ असं इतक्या गोडीनं का म्हणाला? पुण्याचा माणूस आणि आपणहून पेटी उचलतो?

खेळ संपायच्या आत ते मशीनच्या खोलीत शिरले. तिथं नागनाथ नावाचा ऑपरेटर केळं खात होता.

“डबे उलटेपालटे कुणी केले? खरं सांग. त्या पोरानं किती दिले?”

“अण्णा, नंबरप्रमाणे लावलेत,” नागनाथ म्हणाला. “हे बघा की. डब्यावर नंबर, फिल्मच्या टोकावर नंबर.”

“नंबर खोटे घातले असतील.”

“कुणी?”

“कारखान्यात!”

नागनाथनं उरलेलं केळं सावकाश संपवलं. असली माणसं अंगावर घ्यायची नसतात, हे त्याला धंद्यानं शिकवलं असावं. तेवढ्यात मागून श्यामलाबाई आल्या, त्यांच्या मागं शंतनु, त्याच्या मागं पिशवी सांभाळत गुंडोपंत.

“अहो,” श्यामलाबाई म्हणाल्या, “कट नाही. तेव्हाच उलटं दाखवलं होतं.”

“कधी?”

“तंबूत. तो तंबूवाला पिऊन तर्र झाला होता. रिळांची अदलाबदल झाली. रडण्याचं रीळ बैलाच्या मागं लागलं आणि जेवणाचं पोरगं मेल्यावर. मेलेलं पोरगं पाणी घेऊन आलं तेव्हा अख्खा तंबू शिट्ट्या मारत होता. चपला फेकत होते लोक पडद्यावर. तुम्ही एकटे रडत होता.”

मशीन घरघरत होतं.

“मग तू तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“नवीन लग्न झालेलं. नवरा डोळे पुसतोय, आणि मी म्हणू, अहो, हा घोटाळा आहे? मला वाटलं, सकाळपर्यंत विसराल. तुम्ही तर दादा गेले तेव्हा… मग सांगायचं तरी कुठल्या तोंडानं?”

माणसाची फजिती होते तेव्हा त्याला बसायला खुर्ची तरी मिळावी. श्रीधरराव रिळांच्या डब्यावर बसले. एका दारुड्याच्या चुकीला त्यांनी आयुष्यभर कला म्हटलं होतं. इतकंच नव्हे, तिच्या जोरावर बापाच्या मरणाच्या दिवशी भात खाल्ला होता. मग ते एकाएकी उठले.

“लाव,” ते नागनाथला म्हणाले. “तसंच लाव. गडी सांगतो ते रीळ आणि त्याच्या मागं जेवणाचं. मला अक्काला दाखवायचंय.”

मॅनेजर धावत आला. मॅटिनीची रांग फाटकाबाहेर गेलीय, हे काय चाललंय? श्रीधररावांनी त्याचे दोन्ही हात धरले. “स्वल्प ॲडजस्ट माडी, सर. बहिणीचा प्रश्न आहे.” ‘थोडं सांभाळून घ्या’ अशा अर्थाच्या या वाक्यापुढं बंगळूरला कुठलाच नियम फार वेळ टिकत नाही. मॅनेजरनं घड्याळ पाहिलं, कपाळावर हात मारला आणि गेला.

खालचे लोक निघून गेले होते. बाल्कनीत अक्का होती, कारण तिची रिक्षा आली नव्हती. ती असताना आधी उठायचं कसं म्हणून आणखी चारपाच माणसं होती. दिवे गेले. गडी धावत आला. मालक, धाकला विहिरीत पडला, गेला! किणीकरच्या तोंडावर कॅमेरा थांबला. रीळ बदललं. किणीकर पाटावर बसला. भाकरी मोडली. हळूहळू खाऊ लागला. ओठांच्या कोपऱ्यात ते हसू. आणि पोरगं तांब्या घेऊन आलं, “बाबा, बैल किती जणांनी मागितला?” बापानं त्याच्याकडे पाहिलं, पाणी प्यायलं, त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि ढेकर दिली.

या वेळी कुणी हसलं नाही. गुंडोपंतांनी नाक शिंकरलं. शंतनु पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून बसला होता.

“काका,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “हे खरंच डेंजर आहे. पण मत कुणाला द्यायचं? किणीकरांना की तंबूवाल्याला?”

श्रीधररावांना त्याचं काही ऐकू येत नव्हतं. ते अक्काकडे बघत होते. तिनं पदरानं डोळे टिपले.

“चांगलं आहे,” ती म्हणाली.

“बघ! मी म्हणत होतो ना?”

“दादा गेले तेव्हा तू हेच करत होतास.”

“हेच अक्का! अगदी हेच!”

“असंच बसलास. असाच भात कालवलास. ढेकरसुद्धा अशीच.”

“अशीच!”

“म्हणजे नाटक करत होतास.”

श्रीधररावांनी चष्मा काढला, परत घातला.

“इतकी वर्षं मला वाटत होतं, माझा भाऊ निर्लज्ज आहे,” अक्का म्हणाली. “निर्लज्ज माणूस निदान खरा असतो. तू तर बापाच्या मरणात सिनेमा केलास. तोही उलटा.”

“नाटक?” श्रीधररावांचा आवाज फाटला. “नाटक म्हणतेस? आदल्या दिवसापासून इस्पितळात मी एकटा होतो. कुणी चहा विचारला नाही. घरी आलो तर तुम्ही सगळ्या रडत होता आणि मधूनमधून माझ्याकडे बघत होता, हा कधी रडतोय म्हणून. मला येत नव्हतं गं रडू! खूप प्रयत्न केला. दादांचे सगळे चांगले दिवस आठवून पाहिले. नाही आलं. उलट भूक लागली. त्या पिठल्याचा वास आला आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली, की वाटलं आपण माणूसच नाही. तेव्हा हा किणीकर आठवला. म्हटलं, असंही असतं. असंही कोणीतरी जेवलंय. म्हणून जेवलो. त्या दिवशी तो नसता तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. आणि आता हे म्हणतात, तो नव्हताच तसा…”

आणि ते रडले. पंचवीस वर्षं उशिरा, भर थेटरात, बाल्कनीच्या कठड्यावर डोकं ठेवून, ‘दादाऽऽ’ अशी हाक मारून रडले. छाती बडवली. चष्मा खाली पडला. तोवर मॅनेजरनं मॅटिनीचे दरवाजे उघडले होते. खाली शिरलेल्या पब्लिकनं वर पाहिलं, क्षणभर थबकलं आणि कडाडून शिट्टी घातली. “सूपर, अण्णा!” कोणीतरी ओरडलं. “वन्स मोर!”

अक्का आपल्या भावाकडे एकटक बघत होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी वाळलं होतं, संशय मात्र होता तसाच होता.

“आणि हे कुठल्या रिळातलं रे?” तिनं विचारलं.

श्रीधररावांनी मान वर केली. नाक वाहत होतं. त्यांनी नुसती मान हलवली, कुठल्याच नाही म्हणून.

अक्का जराशी पुढं वाकली. त्यांच्या हनुवटीला धरून तोंड उजेडाकडे वळवलं, चिकपेटेत साडीचा काठ तपासतात तसं. मग ती श्यामलाबाईंकडे वळली.

“घरी काय केलंयस?”

“आमटी-भात… भेंडी,” श्यामलाबाई चाचरल्या. “वन्सं, तुम्ही येणार?”

“येते. हा जेवताना तोंड कसं करतो ते मला आज समोर बसून बघायचंय. तेव्हा मी दारात होते. बाजूनं नीट दिसलं नाही.”

दुपारी घरात पानं मांडली. अक्का श्रीधररावांच्या बरोब्बर समोर बसली. शंतनुला अशा वेळी घरी जायचं असतं हे न कळल्यामुळं तोही जेवायला थांबला होता, गुंडोपंत तर होतेच. कुणी जेवायला सुरुवात करेना. सगळे श्रीधररावांच्या हाताकडे बघत होते. त्यांनी भात कालवला. घास तोंडात घातला आणि चेहरा शक्य तितका दुःखी केला.

“खोटं,” अक्का म्हणाली.

मेघाश्री स्वयंपाकघराच्या दारात श्वास रोखून उभी होती. श्रीधररावांनी तो घास कसाबसा गिळला. मग त्यांना राग आला. अक्काचा, किणीकरचा, त्या दारुड्या तंबूवाल्याचा, स्वतःचा. त्यांनी कुणाकडेच न बघता भलामोठा घास केला आणि कोंबला. आमटी मिशीवर सांडली, त्यांना ठसका लागला.

अक्कानं थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं.

“हं,” ती म्हणाली. “हा बरा होता.”

आणि वाटी श्यामलाबाईंकडे सरकवून तिनं आमटी मागितली.